चाचणीचं डोकं

सोमवार, ३
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी जाम खूश! रुग्णालयाच्या तळघरातली मेंदूच्या तपासणीची खोली मला मिळाली. यंत्र नवं, खुर्ची फिरती, चहा वेळेवर. गारठा मात्र असा की सगळ्यांची नाकं वाहतात. इथले जुने तंत्रज्ञ, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, त्यांनी नाकात टाकायच्या थेंबांची बाटली माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, हा इथला गणवेशच समज.

दर सोमवारी यंत्र तपासायला नव्या माणसाने आत झोपायचं, अशी इथली पद्धत. माझ्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या पडद्यावर आल्या. काय सुबक! ही चित्रं ‘चाचणी’ नावाच्या कप्प्यात जातात. ती कुणी डॉक्टर बघत नाही, शुक्रवारी पाचला आपोआप पुसली जातात. ताईला फोनवर सांगितलं, मला मेंदू असल्याचा पुरावा मिळाला. तिचा विश्वास बसला नाही.

सोमवार, १०
गरम पाण्याने आंघोळ करताना डोक्यात एकदम स्फोट झाल्यासारखं दुखलं. मटकन खाली बसले. तासाभराने ओसरलं. तात्यांच्या मते पित्त. त्यांच्या मते सगळंच पित्त असतं. आजच्या चाचणीत चित्र स्वच्छ आलं, जीव भांड्यात पडला. सर्दी हटत नाही; थेंब दिवसातून सहा वेळा.

सोमवार, १७
आठवड्यात तीनदा तेच दुखणं. आज चित्रात टोकाकडच्या बारीक वाहिन्या जागोजागी आवळलेल्या, मधेमधे फुगलेल्या, ओवलेल्या मण्यांसारख्या. तात्या म्हणाले, शिंकलीस म्हणून चित्र हललं. मी शिंकले नव्हते, तरी मान डोलावली. माझ्या आधी इथे असलेल्या मुलीचंही चित्र असंच हलायचं म्हणे. ती कुठे गेली विचारलं, तर म्हणाले, एक दिवस आलीच नाही.

बुधवार, १९
एका बाळंतिणीची तपासणी झाली. तेच मणी! चित्रं वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याला समजावलं: वाहिन्या आवळतात, बहुतेकदा दोन-तीन महिन्यांत मोकळ्या होतात. कधीकधी पहिलं चित्र स्वच्छही येतं. पण वेळीच ओळखलं नाही तर पक्षाघात होऊ शकतो. मग तिला विचारलं, सर्दीचे थेंब वापरता का? त्यांनीही वाहिन्या आवळतात.

बाटली माझ्या खिशात होती. सांगायला धावले तोवर बाई परगावी निघून गेल्या होत्या. शुक्रवारी चारला येतील. थेंब कचऱ्यात टाकले.

गुरुवार, २०
अपघात विभागातल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अहवाल मागितला. चाचणीला अहवाल नसतो. रुग्ण क्रमांक मागितला. तोही नसतो. दुखण्याची गोळी देऊन पाठवलं.

तात्यांच्या हातापाया पडून पुन्हा आत झोपले. मणी आता मोठ्या वाहिन्यांत. आत सरकतायत.

माझ्या कपाटात, तळाच्या कागदाखाली, मागच्या मुलीची फिल्म सापडली. तेच मणी, त्यांच्याभोवती तिने पेनाने गोल काढलेले. मला भीती वाटते. खूप.

शुक्रवार, २१
चार वाजून गेले. बाई नाहीत. तात्या रजेवर.

ताईला फोन लावला. शब्द डोक्यात होते, तोंडातून भलतेच आले. थट्टा समजून हसली. ठेवला तिने —

उजवा हात जड. डाव्याने लिहितेय.

पाचला दहा कमी. पाचला पुसलं जाईल. दारापर्यंत — पाय उचलत नाही —

बाई, आधी कप्पा उघडा. ‘चाचणी’. ती चाचणी नाही. ते डोकं माझं — मी इथेच, यंत्राच्या माग