उपासाच्या दिवसांतला डबा

बाई,

परवा मी भर शिबिरात एका डॉक्टरणीला आगाऊपणाने काहीतरी बोलून गेले, आणि तेव्हापासून तुम्ही माझ्या डोक्यातून हलत नाही. माझी धाकटी लेक मुलुंडलाच एका गाळ्यात औषधाच्या बाटल्यांची बुचं पॅक करायच्या कामाला आहे. तिथे कामगारांची तपासणी होती, घरच्या म्हाताऱ्यांचंही ब्लडप्रेशर बघणार होते, म्हणून मी तिच्यासोबत गेले. डॉक्टरीण लहानशीच, माझ्या नातीच्या वयाची. एकेक पोरगी समोर बसवून विचारत होती, जेवण वेळेवर होतं का, झोप लागते का, मन उदास असतं का. एक पोरगी म्हणाली, "मॅडम, उदास व्हायला टायम कुठाय? टार्गेट कोण पुरं करणार?" सगळ्या खिदळल्या. मग डॉक्टरणीने विचारलं, "डबा संपतो का रोजचा?" "संपतो ना." तिने कागदावर बरोबरची खूण केली आणि पुढच्या पोरीला हाक मारली. मला बसवेना. मी म्हटलं, "डॉक्टर, संपतो का ते नका विचारू. कोण संपवतं ते विचारा." पोरी पुन्हा हसल्या, माझ्या लेकीने मला कोपर मारलं. डॉक्टरीण मात्र हसली नाही. पेन खाली ठेवून म्हणाली, "आजी, असं का म्हणालात?" "सहज हो," म्हटलं आणि ब्लडप्रेशरला हात पुढे केला. ते वाढलेलंच निघालं.

तिला जे सांगता आलं नाही ते तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आपल्या पंख्याच्या कारखान्याच्या जागी चाळीस मजली इमारत उभी आहे, आणि वाइंडिंगची, तार गुंडाळायची आपली खोली होती तिथे म्हणे व्यायामशाळा आहे. मी आत गेलेली नाही. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पुढचं सगळं पुडीच्या कागदांवरून आणि तुमच्याकडून शिकले, तेव्हा शुद्धलेखनाकडे काणाडोळा करा.

मी नवीन लागले तेव्हा तांब्याच्या तारेचे फेरे मोजायचे कसे, हे तुम्ही शिकवलंत. ओठांनी मोजायचं नाही, बोटांनी मोजायचं, कारण ओठ बोलायला लागले की मोजणी चुकते. पण त्याआधी, पहिल्याच दिवशी तुम्ही मला जेवायला कसं बसायचं ते शिकवलंत. भोंगा झाला की स्टोअरच्या मागे पुठ्ठे अंथरून आपण नऊ-दहा जणी गोल करून बसायचो. सेक्शनचा नियम होता, तुम्हीच घातलेला. आपल्या डब्यातला पहिला घास आपण खायचा नाही, तो शेजारणीच्या झाकणात घालायचा. तिने आधी तो खायचा, मग आपला डबा. मी साताऱ्याकडची, मला जवळा आणि किडे यातला फरक कळत नव्हता. तुम्ही माझ्या झाकणात सुक्या जवळ्याची चटणी घातलीत आणि मी तिच्याकडे बघत बसले. तुम्ही म्हणालात, "बघतंस काय गो, ता तुका खाणार नाय. तूच ताका खा." सगळ्या जणी पुठ्ठ्यावर लोळल्या हसून. मला वाटायचं, हा नियम मायेचा आहे. तो पाळत ठेवायचा आहे हे पुष्कळ उशिरा कळलं. कोणाच्या झाकणातला घास तसाच पडून राहिला हे तुम्ही तुमचं जेवता जेवता, मान वर न करता बघायचात.

माझं झाकण भरलेलं राहायला लागलं ते माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर. सातव्या महिन्यात पोटातलं मूल गेलं आणि तिसऱ्या आठवड्यात मी कामावर हजर. घरी सासूबाई म्हणाल्या, बसून राहिलीस तर डोक्यात जास्त येईल, कामाला जा. त्यांचंही चूक नव्हतं. पण अन्नावरची वासनाच उडाली होती. पोळी तोंडात फिरत राहायची, खाली उतरायची नाही. दहाच्या गाडीवरचा चहा, तीनच्या गाडीवरचा चहा, मधे कुणाच्या वाट्याचा उरलेला चहा, एवढ्यावर मी दिवस काढायचे. डबा नाल्याकडच्या कुत्र्यांपुढे उपडा करायचे आणि घासून घरी न्यायचे. फेरे चुकायचे. टेस्टिंगला माझ्या हातच्या दोन पंख्यांच्या मोटारी जळाल्या आणि त्यांना नापासाच्या लाल चिठ्ठ्या लागल्या. सुपरवायझर म्हणाला, हिचं लक्ष नाही. पॅकिंगमधल्या बायका म्हणाल्या, हिला बाहेरचं काहीतरी लागलंय, उतारा करा. दुसऱ्या दिवशी भोंगा झाल्यावर नाल्याकडे गेले तर तुम्ही तिथे आधीच उभ्या. "तुझो डबो कुत्रो खाता, ता मी बघलंय," म्हणालात. "तू काय खातंस, ता सांग."

मी म्हटलं, "भूकच नाही हो बाई."

"भुकेची वाट बघत बसू नको. पयले तीन घास औषदासारखे गीळ. चवथो घास जीवच मागतलो." आणि मला दंडाला धरून पुठ्ठ्यावर आणून बसवलंत. तुम्ही डबा पुढ्यात घेतलात, झाकण उघडलं नाहीत. "तू जेवल्याशिवाय मी झाकण उघडूचंय नाय." अर्ध्या तासाची सुट्टी, त्यातली दहा मिनिटं नाल्यावरच गेलेली. बाकीच्या जणी कुरकुरायला लागल्या. एक जण म्हणाली, "अगं गिळ ना बाई, म्हातारीला उपाशी मारतेस काय?" भोंगा व्हायला पाच मिनिटं असताना शेजारणीने माझ्या झाकणात घातलेले तीन घास मी गिळले. कुळथाची पिठी आणि भात. गरम नव्हता, पण अजून आठवतं, मीठ थोडं जास्त होतं. चौथा जीवाने मागितला नाही, तुम्ही सांगितलं होतं तसं काही झालं नाही. तो मागितला अकराव्या की बाराव्या दिवशी, आणि मागितला तेव्हा मी हातात घास धरून रडले. एवढे दिवस रडूही आलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. नुसतं म्हणालात, "माणसाचा मन पयला ताटावरसून उठता, माणूस मागसून. परत बसताना पण तसाच, मन पयला बसता." परवा ती डॉक्टरीण पोरींना समजावत होती, खाणं आणि मन एकाच दोरीला बांधलेलं असतं. मी मनात म्हटलं, बाळा, हे मी पुठ्ठ्यावर बसून शिकलेय.

आता पुढचं लिहायला हात अडतो.

वाइंडिंगची आपोआप चालणारी यंत्रं आली ते वर्ष. बटण दाबलं की फेरे होतात आणि आकडा समोर दिसतो. ज्या बोटांनी वीस वर्षं चूक केली नाही त्या तुमच्या बोटांना खोक्यांवर चिकटपट्ट्या लावायला बसवलं. पगार तोच, जागा सावलीची, कोणी वाईट बोललं नाही. सगळ्या म्हणाल्या, बाईंना आराम मिळाला, झकास झालं. तुम्हीही हसून मान डोलावलीत. आणि तुमचे उपास वाढले. सोमवार तुमचा पहिल्यापासूनचा, त्या दिवशी तुम्ही डबाच आणत नसायचात. मग गुरुवार धरलात. मग शनिवार. मग संकष्टी, एकादशी, मग कुठलातरी नवस. आपल्यात उपासाला कोणी अडवतं का? उपासवालीच्या झाकणात घास घालायचा नाही, तिला आग्रह करायचा नाही, हाही तुमचाच नियम. बायका म्हणायला लागल्या, बाईंची भक्ती बघा, या वयात कडक उपास, नुसत्या काळ्या चहावर. टेस्टिंगमधली एक तर तुमच्या पाया पडली. तुम्ही तिला आशीर्वाद दिलात. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, झंपराला बाजूने पिन लावलेली होती, आणि आम्ही त्याला तेज म्हणत होतो.

तुमची सून तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली. ती तुम्हाला सोमवार सोडून रोज भरगच्च डबा द्यायची, गुरुवारीसुद्धा. मी हसले होते, "काय हो बाई, उपास आणि डब्यात बांगडा?"

"तिका म्हायत नाय गो. बापडी पाटे उठान करता, तिका नाय कसा म्हणू? तू खा. डबो रिकामो गेलो की तिका बरा वाटता."

आणि मी खाल्ला. तुमच्या सुनेच्या हाताला चव होती. बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण, तांदळाची भाकरी, कधी काळ्या वाटाण्याची उसळ. मी डबा पुसून स्वच्छ करायचे, नळावर विसळायचे आणि तुमच्या पिशवीत ठेवायचे. तुम्ही माझ्याकडे बघत बसायचात, समाधानाने, असं मला वाटायचं.

मग ताप आला. साधा ताप, असं सगळेच म्हणाले. चौथ्या दिवशी इस्पितळात नेलं आणि डॉक्टर तुमच्या मुलावर ओरडले, यांच्या अंगात काहीच नाही, यांना जेवायला घालत होतात की नाही? मी व्हरांड्यात उभी होते. तुमची सून, वीस वर्षांची पोर, कळवळून सांगत होती, "अहो रोज भरून द्यायचे मी डबा. रोज रिकामा यायचा. मी स्वतः घासायचे ना! रात्री नको म्हणायच्या, डब्यानेच पोट भरलंय म्हणायच्या." डॉक्टरांनी खांदे उडवले, म्हणाले मग खाल्लेलं अंगी लागत नसेल, आतून काहीतरी असेल. मी तिथेच होते बाई. दोन पावलं पुढे टाकून एक वाक्य बोलायचं होतं. बोलले असते तर तेव्हाच सगळ्यांना कळलं असतं की तुमच्या पोटात नाही, मनात काहीतरी बिनसलंय. तुमच्यासमोर कुणीतरी झाकण न उघडता बसलं असतं. मी पदर तोंडाला लावला आणि गप्प राहिले. तुम्ही तिसऱ्या दिवशी गेलात.

तुमची सून आता स्वतः सासू झाली आहे. आम्ही भाजीबाजारात भेटतो, ती मला मावशी म्हणते. माझं दुखणं-खुपणं विचारते, सणाला तांदळाच्या भाकऱ्या आणून देते. आणि दरवेळी कुठून तरी तुमचा विषय निघतो, मग ती म्हणते, "एक समाधान आहे मावशी, आई माझ्या हातचं शेवटपर्यंत पोटभर जेवल्या." मी मान हलवते. इतकी वर्षं मान हलवते आहे. शिबिरातून आल्यावर ठरवलं होतं, आता सांगायचं. हे पत्र लिहून तिच्याच हातात द्यायचं. काल ती आलीही होती, तिच्या नातीला घेऊन. पोरगी जेवायला कटकट करत होती. तुमच्या सुनेने तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "खा गो, पणजी बघ कशी डबा चाटूनपुसून संपवायची!" पोरीने तोंड उघडलं. मी उशीखाली ठेवलेलं हे अर्धं पत्र तिथेच राहू दिलं. माझं ओझं उतरावं म्हणून तिच्या ताटातलं काढून घेणं मला जमलं नाही. लेकीला मात्र काल संध्याकाळी समोर बसवलं आणि विचारलं, तुझा डबा कोण खातं? ती चिडली, "आई, वाट लावलीस तू माझी त्या दिवशी, सगळ्या जणी मला हेच विचारतात आता." विचारू देत. विचारलेलं बरं.

तेव्हा हे पत्र कुठे जाणार नाही. पण तुमच्याशी लपवाछपवी नको, म्हणून एवढंच लिहून थांबते. स्वतःला मी आजवर मनातल्या मनात सांगत आले की मला काय ठाऊक, मी बाईंच्या उपासावर विश्वास ठेवला. ते खरं नाही. त्या शेवटच्या महिन्यांत मी घरून माझा डबा अर्धाच भरून आणत होते. तुम्ही जेवणार नाही, हे मी सकाळी पोळ्या लाटतानाच धरून चालत होते.