एका ताटात

हर्गेसा

आईस रूबलेचा सलाम. मी ठणठणीत आहे.

शेजारच्या दहाबोला मुलगा झाला. तिची सासू रडकुंडीला आली होती, "मेला एकही यिबिर फिरकत नाही! पोराला ताईत कोण बांधणार?" आणि मी, यिबिराचा मुलगा, जात लपवून आठ महिने त्यांच्याच ताटात जेवत होतो. राहवलं नाही. बाबांसारखा चामड्याचा ताईत शिवून बांधला, दुवा दिली.

म्हातारी म्हणाली, "अरे, म्हणजे तू यिबिर? अल्ला तुझं भलं करो!" त्याच दुपारी माझं जेवण वेगळ्या ताटलीत आलं. आपली दुवा चालते, बोटं चालत नाहीत.

काळजी नको, ताटली भरलेली असते. तुझे गुडघे कसे आहेत?

ईदला येतोय. ताट एकच मांड, आणि माझ्याआधी हात घाल.

तुझा,
रूबले