ह्यांचं थिकनेस मशीन

३ नोव्हेंबर
पुंडलिक भावजींचं फर्मान — कान्हूदादाचं लाकूड रंधायचं थिकनेस मशीन विकायचं! "वहिनी, दादा गेल्यापासून दोन वर्षं गंजतंय. शेडमध्ये माझी गाडी राहील." दीर शिफ्टला रोह्याला जातात, पण घर त्यांच्याच हुकमावर चालतं. बरं, मशीन सुरूच होत नाही. कोण घेणार?

४ नोव्हेंबर
त्याचं माहितीपुस्तक सापडलं. इंग्रजी. माझी शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं वाचनालयातून. डिक्शनरी घेऊन बसले. पहिली चार पानं नुसत्या धमक्या. टाय अडकेल, असं लिहिलंय. पदराबद्दल अवाक्षर नाही.

७ नोव्हेंबर
झाकण उघडलं. आत पिवळा भुसा. फणसाचा — ह्यांच्या शेवटच्या कामाचा. झाडायचं काम अर्ध्या तासाचं. दोन दिवस लागले.

१० नोव्हेंबर
सुरू झालं! मोटरचा पट्टा निसटला होता, इतकंच. शेजारची हौसा धावत आली. "काय करतेस गो? बोटं मोजून ठेव हां!"
मोजली. दहा.

१२ नोव्हेंबर
वाकडी फळी घातली. वाकडीच बाहेर आली, फक्त पातळ होऊन! मशीन जाडी सारखी करतं, बाक काढत नाही. आधी एक बाजू हातरंध्याने सपाट करायची, ती खाली ठेवून फळी आत घालायची. हे नवव्या पानावर आहे. मी सातव्यावर होते.

१६ नोव्हेंबर
एका वेळी अर्धा मिलिमीटर. जास्त मागितलं की ओरडतं. हेही तसेच होते.
हौसाला बसायचे दोन पाट करून दिले. तिने हात फिरवला. "कान्हूभाऊंच्या हातचे वाटतात गो."
मी चहा टाकायला आत गेले. चहा फार उकळला.

१९ नोव्हेंबर
मशीन चालू झालं, तर भावजींना गिऱ्हाईकही मिळालं! कोलाडचा रिसॉर्टवाला. म्हणजे मी दुरुस्त केलं ते विकायला. नाही म्हटलं.
"हट्ट कशाला, वहिनी? माझ्या भावाचं होतं. मला काय हक्क नाय?"
मला आहे का, हे कोणी विचारलं नाही. हे गेल्यापासून शेडमध्ये पहिल्यांदाच कोणीतरी आहे असं वाटतंय. ते भावजींना कसं सांगणार? गाडी बाहेर भिजते म्हणाले. नोव्हेंबरात!

२० नोव्हेंबर
रिसॉर्टवाला आला. "चालवतं कोण?"
"मीच की!" भावजी.
"दाखवा मग."
भावजींना बटण सापडेना. "वहिनी, तुम्हीच लावा जरा."
लावलं. फळी गुळगुळीत निघाली, पण शेवटच्या टोकाला चांगला बोटभर लांबीचा खड्डा. त्याने तिथेच बोट ठेवलं. "हे असंच येणार?"
"बघताय ना," म्हटलं.
गेला. भावजी म्हणाले, "भंगार हाय नुसतं!"
फळी सुटताना बाहेर आलेलं टोक किंचित उचलून धरायचं असतं, नाहीतर मागे खड्डा पडतो. हौसाचे पाट करताना धरलं होतं.
आज नाही धरलं.