उन्हाळ्यातलं रबर

२२ एप्रिल २०२५
दिपमालाचा सहावा प्रयोगही फसला. इथिलीन आणि प्रोपिलीन या दोन वायूंपासून रबर करायचं. उत्प्रेरक चालला तर द्रावण मधासारखं घट्ट होतं. आज पाण्यासारखंच राहिलं. जानेवारीत मात्र उत्तम रबर मिळालं म्हणते. उत्प्रेरकाला ओल चालत नाही. जळगावचा उन्हाळा कोरडा, म्हणजे आता जास्तच मिळायला हवं. मग जानेवारीचे आकडे खरे कशावरून? विचारलं तर रडली. रडणं हे उत्तर नव्हे, असं सांगितलं.

२३ एप्रिल
चार वर्षांपूर्वी भटूचंही हेच. हिवाळ्यात सुंदर आकडे, उन्हाळ्यात शून्य. 'आकडे रचलेले' असा शेरा मी दिला. पीएच.डी. सोडून तो दोंडाईचाला शेतीवर गेला. दिपमालाला मेअखेरची मुदत. नाहीतर तोच शेरा.

२९ एप्रिल
४४ अंश. सातवाही फसला.

३ मे
नळाला पाणी नाही. शिपाई वना आला – "मॅडम, कूलरमा टाकाले पाणी नही शे. हाऊ कूलर शे का भट्टी?" म्हटलं, असू दे, काम थांबणार नाही.
दुपारी दिपमाला धावत आली. द्रावण इतकं घट्ट झालं की ढवळणी अडकली! बशीभर पांढरं रबर. ओढलं, सोडलं – जागेवर आलं.

५ मे
पाणी आलं. वनाने कूलर भरला. प्रयोग मी स्वतः केला – उत्प्रेरकाची तीच बाटली, तेवढंच वजन. रबर नाही.
उत्प्रेरक ज्या तराजूवर तोलतो, त्यावर कूलरचा ओला वारा थेट येतो. कोरडी हवा बाहेर होती, खोलीत नव्हती. कूलर मीच बसवून घेतला – भटू आला त्याच उन्हाळ्यात.
दिपमालाला म्हटलं, तुझे आकडे खरे आहेत, प्रबंध लिहायला घे. ती गेली नाही. "आणि भटूदादाचे, मॅडम?"

६ मे
शेरा मागे घेत असल्याचं पत्र विद्यापीठाला पाठवलं. कारणासह.

८ मे, दोंडाईचा
भटू कांदा निवडत होता. उठून खुर्ची दिली. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.
"मी एकदा कूलर बंद केला होता ना, मॅडम. तुम्ही म्हणालात, पुन्हा हात लावलास तर प्रयोगशाळेत यायचं नाही."
आठवलं.