एकतर्फी निकाल

१३ फेब्रुवारी
समन्स आलं. चुलतभाऊ केरबानं दावा टाकलाय. माझी धाकटी बहीण भामा नवरा गेल्यापासून एकोणीस वर्षं ज्या दोन खोल्यांत राहते, त्या म्हणे त्याच्या वाटणीच्या. ताबा पाहिजे. प्रतिवादी नंबर एक मी, दोन भामा.
वकील लावणार नाही. फौजेत बावीस वर्षं क्लार्क होतो, कागदाला मी भीत नाही. भामाला म्हटलं, निवांत झोप. ती म्हणाली, केरबा लय थंड डोक्याचा हाय, दादा. बायकांना उगाच धास्ती.

२० फेब्रुवारी, मंगळवार
शिराळ्याहून एसटीनं सांगली. तिथं कायद्याची लायब्ररी आहे, मंगळवारी कुणालाही बसू देतात. राजेश्वरी मॅडम बघतात. म्हणाल्या, काका, सल्ला देता येत नाही, पण पुस्तक कुठलं ते दाखवते. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत कोर्टात लेखी कैफियत द्यायची. झेरॉक्स काढून दिली आणि 'तीस'खाली दोनदा रेघ मारली. बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, बहिणीला अर्ज करायला सांगा, हेही म्हणाल्या.
भाऊ जिवंत असताना बहिणीला फुकटचा वकील? राग आला. चहा न घेता उठलो.

५ मार्च, मंगळवार
कैफियत पान ४१. पणजोबांपासून सुरुवात केली आहे. सध्या आजोबांची कुस्ती चालू. मॅडम म्हणाल्या, काका, दाव्यातल्या एकेका मुद्द्याला कबूल की नाकबूल एवढंच लिहायचं, दोन-तीन पानं पुरतात. लहान वयात मोठं काम झेपत नाही, दुसरं काय.
घरपट्टीच्या पावत्यांचा डबा भामाकडून ताब्यात घेतला. पुरावा माझ्याकडं सेफ राहील. तिनं विचारलं, कागुद दिलास का? म्हटलं, देतोय.

१४ मार्च
आज कोर्टाची तारीख. गेलो नाही. अर्ध्या तयारीनं आघाडीवर जायचं नसतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असलं आपलं काम नाही. तीस दिवस आजच संपतात, पण कायद्यात थोडं इकडंतिकडं चालतंच.
संध्याकाळी केरबा टेप घेऊन भामाच्या खोल्यांची बाहेरून मापं घेत होता. मला बघून राम राम केला. चांगला वाकून केला. भीती वाटत असावी त्याला.

९ एप्रिल
पाडवा. लायब्ररी बंद. पान ८८. भामानं पुरणपोळी आणून दिली आणि परत तेच विचारलं. तिला ओरडलो. सणासुदीला असं बोलायला नको होतं. चूक तिचीच, पण तरी.

१४ मे, मंगळवार
मॅडमचा चेहरा उतरलेला. म्हणाल्या, काका, आता नव्वद दिवसही गेले. आजच्या आज कोर्टात जा, उशीर माफ करण्याचा अर्ज द्या. नमुना हातात दिला. जाड, चांगला कागद आहे. कैफियतीत खूण म्हणून घालायला बरा पडला.

११ जून
केरबानं भामाच्या दारापासून चार हातांवर विटांची ट्रॉली ओतली. भामानं भांडी पोत्यात भरली. मी पोतं सोडायला लावलं. दुपारी बघतो तर परत भरलेलं. हिला माझ्यावर विश्वास म्हणून नाही.

२६ जुलै
कैफियत पूर्ण, पानं १३०. कुठल्या टेबलावर द्यायची ते विचारायला कोर्टात फोन केला. क्लार्क म्हणाला, आता कशाला? तुमचं परवाच एकतर्फी झालं.
पुढचं ऐकायची गरजच नव्हती, फोन ठेवला. एकतर्फी! जत्रेतली आजोबांची कुस्ती अशीच एकतर्फी झाली होती, दोन मिनिटांत समोरचा आडवा. मी मैदानातसुद्धा उतरलो नाही.

२७ जुलै
साताऱ्याहून कंदी पेढे मागवले. भामानं एक देवापुढं ठेवला आणि रडली. पोतं सोडलं. केरबालाही मोठ्या मनानं दिले. कशाचं रं, म्हणाला. म्हटलं, निकालाचं. माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि दोन खाल्ले.

३० जुलै, मंगळवार
मॅडमसाठी पेढे नेले. त्यांनी पेढा तोंडात घातला नाही. हळूच म्हणाल्या, काका, बसा. कायद्याचा कोश काढून बोट ठेवलं. एकतर्फी म्हणजे एक बाजू हजरच नसताना केलेला हुकूम.
पेढ्यांचा पुडा परत पिशवीत घातला. मॅडम म्हणाल्या, रद्द करायला निकालापासून तीस दिवस आहेत, त्यातले सहा गेले, बहिणीला घेऊन या. भामाला इतक्यात सांगणार नाही. योग्य वेळ बघून सांगेन.

९ ऑगस्ट
नागपंचमी. सगळं शिराळं रस्त्यावर. सणाच्या दिवशी असलं काही सांगत नाहीत.

१२ ऑगस्ट
बेलीफ आला. भामाच्या दारावर खोल्या रिकाम्या करायचा कागद डकवून गेला. मी घरातच होतो. बाहेर आलो नाही. डोकं दुखत होतं.

१३ ऑगस्ट, मंगळवार
सकाळी भामा दारात उभी. म्हणाली, पावत्यांचा डबा दे. दिला. माझी मंगळवारची सांगलीची वारी तिला ठाऊक होती. ती एकटीच एसटीकडं निघाली. मी मागून गेलो, मागच्या सीटवर बसलो.
लायब्ररीत मॅडमनी तिला मोफत वकिलाचा फॉर्म दिला आणि निकाल रद्द करण्याच्या अर्जाचा नमुना समोर ठेवला. दोन्ही मिळून तीन पानं. दहा दिवस उरलेत.
आधी हजर का राहिला नाहीत, त्याचं कारण तिला स्वतःच्या शब्दांत लिहायचं होतं. मी लांब खुर्चीवर होतो, १३० पानं मांडीवर. भामा चौथी शिकलेली. पेन थांबलं. आज सकाळपासून पहिल्यांदा तिनं माझ्याकडं बघितलं.
म्हणाली, दादा, 'भावावर भरवसा ठेवला' ह्यातला भरवसा कसा लिवायचा रं?
मी एकेक अक्षर सांगितलं.