खाडीतल्या बाईच्या नावाची काच

आबा,

आज सकाळी आशाताई आली होती. तुमच्या वेळी आशा नव्हत्या. गावातलीच एखादी बाई असते, तिला घरोघर फिरून ताप, खोकला, बाळंतिणी सगळं बघावं लागतं, आणि तुमच्या वहीऐवजी तिच्या हातात मोबाईल असतो. रोह्याजवळ वरशाला मी राहते त्या इमारतीचे तीन जिने चढून ती दारात टेकली आणि म्हणाली, "बाई, ताप हाय का कुनाला?" मी म्हटलं, नाही. "थोडी कणकण पन नाय? असू द्या ना, हाय म्हना. महिन्याच्या रगताच्या काचा कमी पडतात, वरून फोनावर फोन." आणि तिने पिशवीतून सुई काढली. मी तिच्यावर इतकी ओरडले की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. तिने सुई परत पिशवीत ठेवली आणि जिना उतरून गेली. मग मी पंख्याखाली बसले आणि मला कळलं की हे सगळं मला तिला ऐकवायचंच नव्हतं. तुम्हाला ऐकवायचं होतं, आणि तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली.

आपण पेणला रामवाडीत राहत होतो तेव्हाचं बोलते आहे. लोक तुम्हाला मलेरियावाला म्हणायचे. खाकी शर्ट, सायकल, हँडलला अडकवलेली पत्र्याची पेटी. पेटीत काचेच्या पट्ट्या, सुया, कापूस, स्पिरिट आणि गोळ्यांची पुडी. पंधरवड्यातून एकदा प्रत्येक घर. "ताप आला का कुणाला?" आला असेल तर बोट टोचायचं, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, नाव लिहायचं, दोन गोळ्या द्यायच्या, आणि काच तपासणीला पाठवायची. नसेल तर दारामागच्या कागदावर सही करून पुढचं घर. जगातून मलेरिया नाहीसा करायचा असं कुठेतरी परदेशात ठरलं होतं, मोठमोठ्या लोकांनी ठरवलं होतं, आणि त्यातली खाडीकाठची नऊ गावं तुमच्या वाट्याला आली होती. तुम्ही ते अशा थाटात सांगायचात की जणू तिथल्या सभेत तुम्हीही खुर्ची टाकून बसला होतात.

आणि खरं सांगायचं तर ताप कमी झालाही होता. परदेशी अक्षरांचे, डासांच्या औषधाचे पिंप यायचे, फवारणीवाले भिंती पांढऱ्या करून जायचे. बायका दुसऱ्याच दिवशी त्यावर शेणामातीचा हात फिरवायच्या, देव्हाऱ्याच्या खोलीत कुणी पंप आत नेऊ देत नसे, रिकाम्या पिंपात लोक तांदूळ भरून ठेवायचे. तुम्ही घरी येऊन डोकं धरायचात. तरीही डास मेले, हिवताप उतरला. आई सांगायची, तिच्या लहानपणी भादव्यात घरटी एक माणूस गोधडीखाली कुडकुडत असायचा. तो दिसेनासा झाला. इथे काम झालं, असं कुणालाही वाटेल. पण काचांचा आकडा ठरलेला होता, आबा. गावात माणसं किती, त्यावरून महिन्याला काचा किती, हे वरून आलेलं. ताप कमी झाला तर काम चांगलं, आणि काचा कमी झाल्या तर काम वाईट. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. हे गणित मला अजून सुटलेलं नाही. ज्याने ते घातलं त्याला फळ्यापाशी बोलवून सोडवायला लावावं असं फार वेळा वाटलं.

तुम्ही आधी लोकांच्या विनवण्या करून पाहिल्यात. गणपतीच्या कारखान्यात गेलात तर कारागीर रंगाने माखलेली बोटं दाखवून म्हणायचे, "नंतर या, मूर्तीवर डाग पडंल." मिठागरावर गेलात तर लोक म्हणायचे, "ताप नाय तर रगत कशाला? विकता काय?" मग महिना संपत आला, काचा अपुऱ्या, आणि इन्स्पेक्टर पेटी उघडून मोजणार. अशा एका रविवारी तुम्ही आम्हा दोघांना, मला आणि धाकट्याला, स्वयंपाकघरात बोलावलंत.

तो रविवार मला स्पष्ट दिसतो. आई चुलीशी भाकऱ्या थापते आहे. तुम्ही पाटावर बसला आहात, समोर काचा ओळीने मांडलेल्या. धाकटा हात पाठीमागे लपवतो, मी मोठी म्हणून पुढे होते. डाव्या हाताचं तिसरं बोट. सुई जाते, थेंब येतो, तो एका काचेवर, दाबलं की दुसरा थेंब दुसऱ्या काचेवर, मग तिसरा. तुम्ही पेन्सिलीने नावं लिहिता आहात. कोणा म्हाताऱ्याचं, कोणा आगरातल्या गड्याचं, खाडीतल्या एका बाईचं. मी विचारते, "आबा, यांचं रक्त माझं कसं?" तुम्ही म्हणता, "या लोकांना ताप नाहीच आहे. काच तशीही कोरीच निघणार. कुणाचं नुकसान नाही." आई मागे न बघता म्हणते, "पोरांची रगतं घाला देशाला." तुम्ही आम्हाला एकेक लिमलेटची गोळी देता. असे रविवार वर्षभर झाले. प्रत्येक वेळी काच कोरी निघाली, कुणाचं नुकसान झालं नाही, आणि तुमचं काम चांगलं ठरत राहिलं.

मग एक काच कोरी निघाली नाही.

ती संध्याकाळ. मी दहा वर्षांची आहे. तुम्ही सायकल भिंतीला टेकवली नाहीत, नुसती सोडलीत, ती पडली. आत येऊन तुम्ही आमच्या दोघांच्या कपाळांना हात लावून पाहिलात. गार होती. "कुणाला ताप आला होता का?" धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मग तुम्ही आईला हळू आवाजात सांगितलंत की खाडीतल्या त्या बाईच्या नावाच्या काचेत मलेरिया निघाला आहे, आणि ती काच या दोघांपैकी एकाची आहे. आई चुलीपुढून उठली. तुम्ही म्हणालात, "घाबरू नको. तिच्या नावावर गोळ्या येतील, त्या मी या दोघांना देतो. मिटलं." मला आठवतं, मिटलं म्हणताना तुम्ही हात झटकलात.

"तुमी देनार की इन्स्पेक्टर देनार?" आईने विचारलं.

 हल्ली रोगी सापडणं दुर्मीळ झालं होतं, म्हणून सापडला की वरचे लोक स्वतः जायचे, आपल्या डोळ्यांसमोर गोळ्या गिळायला लावायचे. त्यातून त्या आठवड्यात एक परदेशी डॉक्टर पाहणीला आला होता. उद्या सकाळी जीप त्याच बाईच्या दारात जाणार होती. तुम्ही म्हणालात, "गिळू दे. चार गोळ्यांनी काय होतंय?"

"अवो, ती पोटुशी हाय," आई म्हणाली. ती बाई पेणच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची, आई पापड लाटायला जाताना तिच्याशी बोलायची. "तिसरा महिना. दोनदा पडलंय तिचं. कुनाला सांगत नाय ती."

पोटुशी बाईला त्या गोळ्या द्यायच्या नाहीत हे तुम्हाला शिकवलेलं होतं. इन्स्पेक्टरलाही शिकवलेलं होतं, पण तिसऱ्या महिन्यात पोट दिसत नाही, आणि चार परक्या पुरुषांपुढे ती सांगणार नव्हती. तुम्ही जेवला नाहीत. सकाळी आम्ही उठलो तेव्हा सायकल नव्हती.

पुढचं मला आईकडून कळलं, आईला त्या बाईकडून. जीप तुमच्याआधी पोचली होती. खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधावरून, बंदिस्तीवरून, तुम्ही सायकल मारत आलात, शेवटी चिखलात चाक रुतलं तेव्हा ती तिथेच टाकून पळत आलात. बाईच्या एका हातात गोळ्या होत्या, दुसऱ्यात तांब्या. ती सकाळपासून एकच सांगत होती, "मना ताप नाय. मी कवाची बोलतंय, मना ताप नाय आला." इन्स्पेक्टर तिला कागद दाखवत होता, की बाई, कागदावर आहे. तुम्ही अंगणातूनच ओरडलात, "देऊ नका! ती काच हिची नाही. माझ्या पोरांची आहे."

ती बाई आईला म्हणाली होती, "तुज्या मालकाची मान अशी खाली गेली गो, मना वाटला आता मातीत जातंय." तिच्या पोटाबद्दल मात्र तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. ते तिने लक्षात ठेवलं.

दुपारी जीप आपल्या दारात आली. रामवाडीतली सगळी पोरं मागे. त्या परदेशी डॉक्टरने वाकून माझं बोट स्वतः टोचलं, मग धाकट्याचं. माझीच काच निघाली. पाच दिवस कडू गोळ्या, आणि तुम्ही समोर बसून. रागवला नाहीत.

तो डॉक्टर जाताना आपल्या ओसरीवर काय म्हणाला, ते तुम्ही मला रोह्याला आल्यावर, मी कॉलेजात असताना, एकदाच सांगितलंत. त्याने जीपमधून आलेल्या तुमच्या साहेबांना विचारलं होतं, "ताप नसलेल्या गावात या माणसाने इतक्या काचा आणायच्या कुठून?" साहेब हसून म्हणाले, "माणूस आळशी आहे." तुम्हाला इंग्रजी तेवढं समजलं. तुम्ही मला म्हणालात, "प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यायला पाहिजे होतं ते मी द्यायला पाहिजे होतं." मग का नाही दिलंत? एवढा वेळ हातात होता, एवढी माणसं समोर होती, जगाच्या पाठीवरून आलेला एक माणूस नेमकं विचारत होता, आणि तुम्ही मान खाली घालून उभे राहिलात. मला तुमचा सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर याचा. खोट्या काचांचा नाही.

तुमची वेतनवाढ थांबली, मेमो मिळाला आणि बदली झाली. शाळेचं वर्ष अर्ध्यावर असताना एसटीच्या टपावर भांडी बांधून आपण नागोठण्यावरून रोह्याला आलो. तेव्हा रेल्वे नव्हती. आईचं पापडाचं काम सुटलं. ती सगळ्या वाटेत एकदाच बोलली, "खरं बोलायचं व्हतं तर पयलेच बोलायचं." काचांचा आकडा मात्र बदलला नाही. तुमच्या जागी पेणला जो आला त्यालाही तोच आकडा. आणि तुम्ही रोह्याला एकही खोटी काच घेतली नाहीत, म्हणून दर महिन्याला कमी पडलात, म्हणून दर महिन्याला खुलासा लिहिलात. खुलासे मीच शुद्ध करून द्यायची. बढती आलीच नाही. मग पिंप यायचे कमी झाले, डास त्या औषधाला सरावले, परदेशातल्या लोकांचं लक्ष दुसरीकडे गेलं, आणि ताप परत आला, चांगला घरोघर आला. "आता काचा भरतात गो," तुम्ही दमून म्हणायचात, "आता बोटं बघायला वेळ पुरत नाही." कागदावरचा निर्मूलन शब्द पुसून तिथे नियंत्रण लिहिलं गेलं. तुम्ही तो कागद घडी घालून खिशात ठेवलात आणि कामाला गेलात.

त्यानंतर मी किती मोहिमा पाहिल्या. शिक्षक म्हणून अर्ध्या मोहिमांना मलाही जुंपलं. चांगल्या हेतूने आलेल्या, काहींनी खरंच रोग घालवले, मी ते नाकारत नाही. पण प्रत्येकीत एक रकाना असतो आणि तो भरावा लागतो, आणि रकान्याच्या खालच्या टोकाला एक माणूस सायकल घेऊन उभा असतो. "मना ताप नाय" म्हणणाऱ्या बाईला विचारायची सवड कुणालाच नसते. तिचं बाळंतपण नीट झालं, आबा. मुलगी झाली. आईला रोह्याच्या बाजारात पेणहून आलेल्या कुणाकडून कळलं होतं, तुम्हालाही आईने सांगितलं होतं. तुम्ही फक्त हुं म्हणालात.

इतकं सुनावल्यावर थांबणार होते. पण एक राहिलं आहे.

ज्या रविवारची ती काच होती, त्याच्या आदल्या दुपारी मला हुडहुडी भरून आली होती. तुम्ही फेरीवर, आई पापडांना. मी गोधडी घेऊन पडले, संध्याकाळी घाम आला, बरं वाटलं. धाकट्याला शपथ घातली. रविवारी तुम्ही काचा मांडल्यात तेव्हा मला माहीत होतं, आणि पुढेही दिवसाआड दुपारी तेच होत राहिलं तेव्हाही माहीत होतं. तुम्ही कपाळाला हात लावलात त्या संध्याकाळी तर नक्कीच माहीत होतं. आधीच बोलले असते तर काच माझ्याच नावाने गेली असती आणि तुम्ही पेणलाच राहिला असता. नाही बोलले, कारण तुमची ती गोळी कडू असायची. दुसरं काही कारण नव्हतं. त्यानंतर रोह्याला आपण पंचवीस वर्षं एका घरात काढली, आणि मी तुमच्यावर चिडत राहिले. तुमचा पत्ता असता, तरी हे पत्र मी पेटीत टाकलं नसतं.