ओल्या मेंढीचा हिरवा दिवा

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज तुम्हाला लिहायला बसलो ते मेंढीच्या गळ्यातल्या एका पट्ट्यापायी.

मी काय काम करतो ते तुम्हाला माहीत नाही. राज्य शासनाची एक संस्था आहे. नव्या तंत्रज्ञानावर धंदा उभा करू बघणाऱ्या पोरापोरींना आणि संशोधनाला ती पैसा देते. तिच्या इथल्या, संभाजीनगरच्या कार्यालयात मी आहे. पैसा एकदम मिळत नाही. आधी वस्तू समितीपुढं चालवून दाखवायची. मग ती गावात, रानात खरंच चालते का हे मी जाऊन बघायचं, आणि माझ्या अहवालावर पुढचा टप्पा ठरायचा. समितीपुढं जाण्याआधी मुलं माझ्याकडं येतात. आधी काय दाखवायचं, कुठं थांबायचं, काय विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे मी त्यांना शिकवतो. ते माझ्या कामात नाही, मी आपणहून अंगावर घेतलेलं आहे. याच्याकडून गेलेल्याचं सादरीकरण फसत नाही, असं कार्यालयात म्हणतात. ते ऐकून मला बरं वाटायचं.

याची सुरुवात तुमच्या पवनचक्कीपासून झाली. पाचोडच्या बाजारातून तुम्ही तेलाचे रिकामे डबे आणले, कापून त्यांची पाती केली, सायकलचा डायनामो जोडला आणि चक्की शाळेच्या पत्र्यावर बसवली. वारा आला की वर्गातला बल्ब पेटायचा आणि आमचे पाढे तिथंच थांबायचे. तालुक्याचे साहेब बघायला येणार होते. त्यांना पसंत पडलं तर शाळेला विज्ञानाची पेटी मिळणार होती, भिंग, चुंबक, काचेच्या नळ्या असलेली. साहेब आले आणि वारा पडला. लिंबाचं पान हलत नव्हतं. मी तुमच्या कानाशी येऊन म्हणालो, "गुरुजी, पत्र्यावर चढून हातानं फिरवू का? खालून दिसत नाय." तुम्ही माझ्याकडं नुसतं बघितलं. ते बघणं मला अजून दिसतं. मग तुम्ही साहेबांकडं वळून म्हणालात, "वारा नाही म्हणून उजेड नाही. चक्की खरं तेच सांगतीय." साहेब चहा पिऊन गेले. पेटी दुसऱ्या गावाला गेली. पारावरची माणसं पुढं कितीतरी दिवस तुम्हाला अडवून विचारायची, "गुरुजी, वारा रजेवरनं आला का?" तुम्ही त्यांच्याबरोबर हसायचात. मला हसू यायचं नाही. आपल्या हाती कधी काही आलं तर चांगली वस्तू पडलेल्या वाऱ्यापायी जाऊ द्यायची नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. ती माझी दया होती, असं मी परवापर्यंत समजत होतो.

फर्दापूरकडची एक मुलगी आहे. घरची मेंढरं, बाप अजून कळपामागं जातो. तिनं मेंढीच्या गळ्यात बांधायचा पट्टा केला. अंगात ताप चढला की त्यावरचा दिवा लाल होतो, नाहीतर हिरवा. समितीपुढं जायच्या आधी ती म्हणाली, "सर, एक अडचण हाय. लोकर ओली असली की पट्ट्याला ताप कळत नाय. दिवा हिरवाच राहतो." मी म्हणालो, पावसाचं मग बघू. ती म्हणाली, "पावसातच तर मेंढ्या जास्त आजारी पडतात." मी तिला समजावलं, विचारलं तर सांग, नाही विचारलं तर कोरडी लोकर दाखव, पैसे आले की दुरुस्त कर. तिनं कोरड्या लोकरीच्या गठ्ठ्यात गरम पाण्याची पिशवी ठेवून पट्टा लावला, दिवा लाल झाला, सगळ्यांनी माना डोलावल्या. ओल्या लोकरीचं कुणी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात मी तिच्या गावी गेलो. पाऊस लागून राहिला होता. छपराखाली तिनं एक कोरडी मेंढी बांधून ठेवली होती. "सगळं बरोबर चालतंय, सर," ती म्हणाली. शब्द माझे होते, आवाजाचा उतारसुद्धा माझाच. तेवढ्यात तिचा बाप बाहेर आला.

"साहेब, ह्यो पट्टा उन्हाळ्यात शहाणा अन् पावसाळ्यात येडा."

"आबा, चहाचं सांगा ना आत."

"चहा व्हईल. काळ्या तोंडाची गेली ते कोण सांगंल? आधी आम्ही रोज कानाला हात लावून ताप बघायचो. पट्टा आला अन् हात लावायचंच सोडलं. हिरवा दिवा बघून निवांत राह्यलो."

ती खाली मान घालून उभी होती. मला फाट्यापर्यंत सोडायला आली तेव्हा मी विचारलं, दुरुस्त का नाही केलं? तिचं म्हणणं, आतलं अस्तर बदलून बघितलं, जमलं नाही, आणखी शोधायला पैसा लागेल. "पण बरोबर चालतंय म्हणून पैसे घेतले, सर. आता चालत नाय म्हणून कसे मागू?" तिच्या बोलण्यात मला दोष नव्हता. असता तर बरं झालं असतं. गुरुजी, संशोधनाचा पैसा हा चुका करून बघायलाच दिलेला असतो, आणि मी तिची चुकायचीच वाट बंद करून टाकली. पुढच्या टप्प्यात हेच पट्टे आसपासच्या सगळ्या मेंढपाळांना द्यायचे आहेत. ते लोकही मेंढीला हात लावायचं सोडतील.

अहवालात मी तिच्या बापाचं म्हणणं लिहिलं, आणि तिला मी काय शिकवलं होतं तेही. मग तिला फोन केला. म्हणालो, समितीकडं येताना लोकर आण आणि एक बादली आण.

"बादली कशाला, सर?"

"सगळ्यांपुढं लोकरीवर पाणी ओतायचं. मग पट्टा लावायचा."

"पैसे गेले तर?"

"जातील कदाचित. पण मागायचे ते ओल्या मेंढीसाठी मागू."

"अन् तुमचं, सर?"

माझं काय ते मला माहीत नाही, असं म्हणालो. ती हळूच म्हणाली, "आबा म्हणतील, साहेब आता ताळ्यावर आले."

समिती उद्या आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाही, देवघरातल्या पोथीखाली राहील. पण एक सांगायचं राहिलं. आज सकाळी देवापुढं दिवा लावला, हात जोडले, आणि मागितलं ते बळ नव्हे, क्षमाही नव्हे. ओल्या लोकरीतही उद्या तो दिवा लाल होऊ दे, एवढंच मागितलं. गुरुजी, त्या दिवशी साहेबांपुढं तसे ताठ उभे असताना, तुम्हीही मनातल्या मनात वारा मागत होतात का?